ग्रहांच्या फोटोसाठी बार्लो: किती एक्सचा घ्यायचा?

गुरूची प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर समोर येण्याची वेळ, जवळ आली की पुण्यातल्या आकाशप्रेमींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. घरी सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, थोडक्यात डॉब) आहे, वेबकॅम किंवा छोटा प्लॅनेटरी कॅमेरा नुकताच घेतलाय, त्यातून गुरू दिसतोयही, पण अगदीच बारका. मग बार्लो, म्हणजे चित्र मोठं करणारं जोडभिंग, घ्यायचा तर २ एक्स, ३ एक्स की थेट ५ एक्स? जितका मोठा आकडा तितकं मोठं चित्र, असा सरळ हिशेब केला जातो. त्यात पैसे तर जातातच, पण हिवाळ्यातल्या मोजक्या चांगल्या रात्रीही हातच्या जातात, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

बार्लो कितीचा हवा हे मुख्यतः दोन आकड्यांवर ठरतं: कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार आणि दुर्बिणीचा एफ-रेशो, म्हणजे तिचं नाभीय अंतर (आरशापासून किरण जिथे मिळतात तिथपर्यंतचं) भागिले तिचा व्यास. दुर्बीण पाच इंची आहे की चौदा इंची, याचा या निवडीशी संबंध नाही. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

बार्लो म्हणजे नळीत बसवलेलं अंतर्वक्र भिंग. चांगल्या बार्लोत दोन किंवा तीन काचा असतात. वुलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणारे पीटर बार्लो यांच्या कल्पनेवरून १८३० च्या दशकात जॉर्ज डॉलंड या लंडनच्या भिंगकारागिराने तो बनवला. आरशाकडून आलेले किरण नाभीकडे एकत्र येत असतात. वाटेत बार्लो आला की ते आधीपेक्षा निमुळते होत, थोडे पुढे जाऊन मिळतात. परिणाम असा की दुर्बिणीचं नाभीय अंतर वाढल्यासारखं होतं. आठ इंची, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर व्यासाच्या, डॉबचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल तर ती एफ/६ झाली. तिला २ एक्स बार्लो लावला की ती २४०० मिलिमीटरची, एफ/१२ ची दुर्बीण होते. आरसा तोच राहतो आणि त्याने गोळा केलेला प्रकाशही तेवढाच राहतो.

डोळ्याने पाहताना बार्लो लावला की नेत्रिकेचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, वर्धन वाढतं. कॅमेऱ्याला नेत्रिकाच नसते, त्यामुळे 'किती पट मोठं दिसतं' या प्रश्नाला तिथे फारसा अर्थ उरत नाही. स्क्रीनवर चित्र हवं तेवढं मोठं करता येतं. खरा प्रश्न असा आहे की आरशाने जे बारकावे सेन्सरवर आणून सोडले, ते टिपायला पिक्सेल पुरेसे बारीक आहेत का.

इथे प्रकाशाचा एक गुणधर्म आडवा येतो. कितीही उत्तम आरसा असला तरी ताऱ्याची प्रतिमा बिंदू म्हणून उमटत नाही. विवर्तनामुळे ती एक छोटी चकती बनते, जिला एअरी तबकडी म्हणतात. सेन्सरवर या तबकडीचा व्यास किती, याचं सूत्र सोपं आहे: २.४४ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले एफ-रेशो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली, तर एफ/६ ला तबकडी साधारण ८ मायक्रॉनची येते आणि एफ/१५ ला २० मायक्रॉनची. सूत्रात दुर्बिणीच्या व्यासाचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या. पाच इंची असो वा चौदा इंची, एफ/१५ ला दोन्हींची तबकडी सेन्सरवर २० मायक्रॉनचीच पडते. मोठ्या दुर्बिणीचा फायदा असा की तिच्या त्या २० मायक्रॉनमध्ये आकाशाचा जास्त छोटा तुकडा मावतो, म्हणून ती अधिक बारीक तपशील दाखवते. पण पिक्सेल आणि तबकडी यांचं नातं दोघींसाठी सारखंच.

आता कॅमेऱ्याकडे या. आजच्या प्लॅनेटरी कॅमेऱ्यांत सोनीचा आयएमएक्स ४६२ हा सेन्सर बराच वापरला जातो, त्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. त्याच्या आधीचा लोकप्रिय आयएमएक्स २२४, तो ३.७५ मायक्रॉनचा. एफ/६ च्या डॉबवर २.९ मायक्रॉनचा कॅमेरा नुसता लावला, तर ८ मायक्रॉनच्या तबकडीवर जेमतेम पावणेतीन पिक्सेल बसतात. एवढ्यावर तबकडीचा आकारही नीट कळत नाही, मग गुरूच्या पट्ट्यांमधल्या गाठी आणि वळणं कुठून उमटणार? तपशील आरशाने दिलेला आहे, पण पिक्सेल जाड पडल्यामुळे तो हरवतो. बार्लोने तबकडी पसरवायची ती एवढ्यासाठी.

किती पसरवायची याचं कमीत कमी गणित सांगतं की एफ-रेशो हा मायक्रॉनमधल्या पिक्सेलच्या ३.६ पट हवा. हा आकडा हिरव्या प्रकाशाचा आहे. निळ्याची तरंगलांबी आणखी छोटी, त्यामुळे त्याची तबकडीही छोटी. शिवाय रंगीत सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल एकच रंग पाहतो. म्हणून ग्रहांचे फोटो काढणारे लोक पाचपट धरून चालतात. पिक्सेलचा आकार गुणिले ५, एवढं पाठ ठेवलं तरी निवडीचं निम्मं काम होतं. हवा अस्थिर असेल तर चारपटीच्या आसपासही काही गमवत नाही. विलक्षण शांत रात्री अनुभवी लोक सातपटीपर्यंत जातात, पण अशा रात्री वर्षात फार नसतात.

हिशेब करून पाहू. आठ इंची एफ/६ डॉब आणि २.९ मायक्रॉनचा कॅमेरा: ५ गुणिले २.९ म्हणजे १४.५. त्याला ६ ने भागलं की २.४. म्हणजे २.५ एक्सचा बार्लो अगदी नेमका, २ एक्सचाही चालेल, ३ एक्सचा फक्त उत्तम रात्रीसाठी. त्याच डॉबवर ३.७५ मायक्रॉनचा कॅमेरा असेल तर गरज ३ एक्सची. १३० मिलिमीटरची, ६५० नाभीय अंतराची छोटी न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण घेतली तर ती एफ/५ आहे. तिला ३.७५ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याबरोबर पावणेचार एक्स निघतो, व्यवहारात ३ एक्स पुरतो.

आता १२७ मिलिमीटरची मॅकसुटॉव्ह (थोडक्यात मॅक) प्रकारची दुर्बीण घ्या. तिचं नाभीय अंतर १५०० मिलिमीटर, म्हणजे ती मुळातच एफ/१२ च्या जवळ आहे. २.९ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला हवा होता १४.५. या जोडीला बार्लोची गरज नाही! कॅमेरा सरळ लावावा आणि फोटो काढावा. श्मिट-कॅसेग्रेन प्रकारची दुर्बीण बहुधा एफ/१० असते, तिला ३.७५ मायक्रॉनसाठी २ एक्स, २.९ साठी दीड एक्स आणि २ मायक्रॉनच्या नव्या सेन्सरसाठी काहीच नको. बार्लो लावला नाही तर आपण काहीतरी कमी करतोय असं अनेकांना वाटतं. मॅकवाल्यांना मी आवर्जून सांगतो की आधी एक संपूर्ण हंगाम बार्लोशिवाय काढा.

मग ५ एक्सचा सल्ला आला कुठून? तो जुना, पण त्या काळात बरोबर होता. २००० नंतरच्या वर्षांत वेबकॅमने ग्रह टिपायची लाट आली, तेव्हा फिलिप्सचा टूकॅम प्रो जगभर वापरला गेला. त्याचा पिक्सेल ५.६ मायक्रॉनचा होता. पाचपट म्हणजे २८, एफ/६ च्या दुर्बिणीला जवळपास ५ एक्स. पिक्सेल निम्म्यावर आले, सल्ला मात्र तसाच फिरत राहिला. आज २.९ मायक्रॉनच्या कॅमेऱ्यावर ५ एक्स लावला की तीच डॉब एफ/३० होते, म्हणजे पिक्सेलच्या दहापट.

एवढं पसरवल्यावर काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण नुकसान इथेच आहे. कणकेचा गोळा तेवढाच ठेवून पोळी मोठी लाटली तर ती पातळ होणार, प्रकाशाचं तसंच. २ एक्स बार्लोने प्रत्येक पिक्सेलवरचा प्रकाश एक चतुर्थांश होतो, ३ एक्सने नववा हिस्सा, ५ एक्सने पंचविसावा. म्हणजे २.५ एक्सऐवजी ५ एक्स वापरला की तेवढ्याच उजेडासाठी एक्सपोजर चौपट करावं लागतं किंवा गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) बराच वाढवावा लागतो. ग्रहांच्या फोटोची सगळी युक्ती छोट्या एक्सपोजरमध्ये आहे. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते आणि मधूनच क्षणभर स्थिर होते. व्हिडिओच्या हजारो फ्रेममधून त्या स्थिर क्षणांच्या फ्रेम ऑटोस्टॅकर्टसारखं सॉफ्टवेअर वेचून काढतं आणि एकावर एक रचतं. एक्सपोजर काही मिलिसेकंदांचं असेल तर तो स्थिर क्षण गोठवता येतो. ते लांबलं की एकाच फ्रेममध्ये दोन-तीन थरथरी मिसळतात आणि मग कुठलंच सॉफ्टवेअर त्या वेगळ्या करू शकत नाही. फ्रेमची संख्याही घटते.

ती संख्या नंतर भरूनही काढता येत नाही, कारण गुरू थांबत नाही. तो ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. बिंब ४६ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असेल तेव्हा त्याच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला पाव विकला सरकतो. आठ इंची डॉब, २.५ एक्स आणि २.९ मायक्रॉनच्या जोडीत एक पिक्सेल म्हणजे ०.२ विकला. म्हणजे मिनिटाला सव्वा पिक्सेल. दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेतला तर तपशील पुसट होऊ लागतो. विनज्युपोससारख्या प्रोग्रॅमने ती फिरकी काढता येते, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

पुण्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण परदेशी लेख वाचून आपण आपल्या आकाशाला कमी लेखतो. पहिली, ग्रहांच्या फोटोला शहराचा उजेड आड येत नाही. कोथरूड-हडपसरच्या गच्चीवरूनही चालतं, भोर-वेल्ह्याला जायची गरज नाही. आड येते ती गरम गच्ची. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत हवा हलवत राहतं, म्हणून मध्यरात्रीनंतरचं चित्र संध्याकाळपेक्षा बहुधा शांत मिळतं. दुर्बीणही तासभर आधी बाहेर काढून ठेवावी.

दुसरी गोष्ट आपल्या अक्षांशाची. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला गुरू मिथुन राशीत, क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उत्तर २२ अंशांच्या आसपास. म्हणजे पुण्यात तो मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर येतो. माथ्यावरच्या ग्रहाचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो. लंडनवाल्याला तोच गुरू साठ अंशांच्या आसपास मिळतो, आणि दक्षिणेकडच्या राशींत ग्रह गेले की त्याची पंचाईत होते. बार्लोला २ एक्स की २.५ असा प्रश्न पडला आणि ग्रह माथ्याजवळ असेल, तर पुणेकराने वरचा आकडा निवडायला हरकत नाही. ग्रह चाळीस अंशांच्या खाली असेल तर खालचा.

डॉबवाल्यांची मात्र इथे एक अडचण आहे. अगदी माथ्यावर डॉब वळवणं जड जातं, थोड्याशा बदलासाठी तिला आडवं खूप फिरवावं लागतं. तासभर आधी किंवा नंतर फोटो घ्यावेत. आणि डॉबला मोटर नसेल तर बार्लोची मर्यादा वेगळीच ठरते. ग्रह आकाशात सेकंदाला सुमारे १४ विकला सरकतो. २.५ एक्सला १९३६ पिक्सेल रुंदीच्या सेन्सरवर गुरू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २४ सेकंदांत जातो, २ एक्सला ३१ सेकंदांत. हे सात सेकंद हाताने दुर्बीण ढकलणाऱ्याला फार मोलाचे असतात. मोटर नसलेल्या डॉबसाठी माझं स्पष्ट मत आहे: २ एक्स घ्या. गुरू एका बाजूने आत येऊ द्या, दुसरीकडून जाऊ द्या, पुन्हा ढकला. असे तुकडे नंतर एकत्र करता येतात.

आता बार्लोवर कोरलेल्या आकड्याकडे वळू, कारण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. बार्लोचं प्रत्यक्ष वर्धन भिंग आणि सेन्सर यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतं. ते अंतर बार्लोच्या स्वतःच्या नाभीय अंतराने भागायचं आणि त्यात १ मिळवायचा. समजा बार्लोचं नाभीय अंतर १०० मिलिमीटर आहे. सेन्सर त्यापासून १०० मिलिमीटरवर असेल तर बरोबर २ एक्स. मध्ये २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन नळी घातली की २.२५, ५० ची घातली की २.५. कोरलेला आकडा नेत्रिका डोळ्यासमोर ठेवून दिलेला असतो. कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा जरा मागे बसतो, त्यामुळे वर्धन थोडं जास्तच मिळतं. मध्ये डायगोनल (प्रकाश वळवणारा छोटा आरसा) ठेवला तर २ एक्सचा बार्लो ३ एक्सकडे झुकतो.

यात आपला फायदा आहे. अनेक छोट्या २ एक्स बार्लोंचं भिंग खालून फिरवून सुटं करता येतं आणि ते कॅमेऱ्याच्या सव्वा इंची नळीच्या फिल्टरच्या आट्यांत बसतं. सेन्सर जवळ आल्यामुळे वर्धन दीड एक्सच्या आसपास उतरतं. म्हणजे एकाच बार्लोतून दीड, दोन आणि नळी घालून अडीच. मला विचाराल तर पहिली खरेदी हीच: दोन काचांचा, नीट कोटिंग केलेला, भिंग सुटं होणारा २ एक्स बार्लो. टेलिव्ह्यूचे पॉवरमेट आणि तशाच रचनेचे टेलिसेंट्रिक प्रकार वेगळे; त्यांचं वर्धन अंतराने फारसं बदलत नाही, काचकामही उत्तम असतं, पण किंमत कितीतरी पट. स्वस्त दुर्बिणीबरोबर खोक्यात येणारा ३ एक्स किंवा ५ एक्सचा प्लास्टिकचा बार्लो मात्र बाजूला ठेवावा. त्यातून ग्रहाच्या कडेला निळी-लाल झालर येते, आणि लोक दोष आरशाला देतात.

प्रत्यक्ष वर्धन मोजायला एक दुपार पुरते. गच्चीवरून दूरची स्थिर वस्तू निवडा. शहराच्या नैर्ऋत्य बाजूला राहत असाल तर सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा, मध्यवस्तीत असाल तर पर्वतीवरचा कळस. सूर्य दुर्बिणीच्या दिशेच्या आसपासही नको, ही काळजी आधी घ्या. एक फोटो बार्लोशिवाय, एक बार्लोसकट. त्याच दोन खुणांमधले पिक्सेल दोन्ही फोटोंत मोजा आणि भागा. सकाळी लवकर केलंत तर हवा कमी हलते. काही छोट्या न्यूटोनियनमध्ये बार्लोशिवाय कॅमेरा फोकसलाच येत नाही, कारण फोकसर आणखी आत जात नाही. अशा वेळी थेट गुरूवर मोजा: त्या रात्रीचा गुरूचा विषुववृत्तीय व्यास स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या प्रोग्रॅममध्ये विकलांत मिळतो. २०६ ला पिक्सेलच्या मायक्रॉनने आणि गुरूच्या रुंदीच्या पिक्सेलसंख्येने गुणा, व्यासाने भागा. उत्तर म्हणजे तुमचं खरं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये.

साध्या वेबकॅमवाल्यांसाठी एक गोष्ट. पुढचं भिंग काढताना त्याबरोबर अवरक्त किरण अडवणारी काचही बरेचदा निघून जाते. मग रंग लालसर-विटकरी येतात आणि चित्र मऊ पडतं, कारण साधा बार्लो अवरक्त प्रकाशाला वेगळ्या ठिकाणी फोकस करतो. सव्वा इंची यूव्ही-आयआर कट फिल्टर लावला की दोन्ही तक्रारी मिटतात. आणि आरशांचं कोलिमेशन, म्हणजे एकमेकांशी नेमकी जुळणी, बिघडलेलं असेल तर आधी ते करा. बार्लो तो दोष लपवत नाही, मोठा करून दाखवतो.

विकत घेण्याआधी कुणाचा तरी बार्लो लावून पाहता आला तर सर्वांत चांगलं. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून पुण्यात आहे, हाताने आरसे घासून दुर्बिणी बनवणारी माणसं या शहरात आहेत. आकाशदर्शनाला जाताना आपला कॅमेरा बरोबर न्यावा आणि विनंती करावी, आनंदाने देतात.

मोहाचा प्रसंग २०२७ च्या फेब्रुवारीत येणार आहे. त्या महिन्यात गुरू आणि मंगळ दोघांचीही प्रतियुती आहे. मंगळ तेव्हा जेमतेम १३.८ विकलांचा असेल. २०१८ च्या जुलैअखेर तो २४ विकलांच्या पुढे गेला होता. आठ इंची डॉब आणि २.५ एक्सला तो ६९ पिक्सेलचा दिसेल, म्हणजे स्क्रीनवर ठिपक्यापेक्षा जरा मोठा. तेव्हा हात ५ एक्सकडे जाईल. मंगळ लहान असला तरी एअरी तबकडी गुरूच्या वेळी होती तेवढीच आहे, पिक्सेलही तेवढाच आहे, त्यामुळे उत्तर बदलत नाही. बार्लो तोच ठेवा, एक्सपोजर आणखी छोटं करा, मंगळ उजळ असल्यामुळे ते जमेल. चित्र स्टॅक करताना दीडपट मोठं करून घ्या. मंगळाला एका फेरीला साडेचोवीस तास लागतात, त्यामुळे पाच मिनिटांचा व्हिडिओही चालतो. जास्त फ्रेम मिळवण्याची मुभा गुरू देत नाही, ती मंगळ देतो.